पेरणीनंतर बदलणारे नियम

केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरील ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले, तेव्हा ती सवलत ३० सप्टेंबरपर्यंतच होती. दहा दिवस उलटायच्या आत तिची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. तेव्हापासून विदर्भात या विषयावर जे बोलले आणि लिहिले गेले, त्यात दोनच सूर ऐकू आले. एक असा, की दिल्लीने गिरणीमालकांसाठी शेतकऱ्याचा बळी दिला. दुसरा असा, की अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के कर लादल्यावर कापडउद्योगातील रोजगार वाचवायचे तर कच्चा माल स्वस्त करण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि त्याला विरोध करणारे भावनेच्या आहारी गेले आहेत. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पायऱ्यांवर घोषणा होतात, सभागृहात खरेदी केंद्रांची आकडेवारी वाचली जाते आणि विषय तिथेच मिटतो. शुल्क असावे की नसावे, एवढ्याच प्रश्नाभोवती दोन्ही बाजू फिरत राहतात, आणि मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. माझे म्हणणे असे, की परदेशी व्यापाराशी जोडलेल्या पिकाचे आणि उद्योगाचे भवितव्य शुल्काच्या दराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तो दर केव्हा बदलतो आणि त्या बदलाचा भार कोणाच्या माथी येतो यावर ठरते. शेतकऱ्याने पेरणी एका नियमाखाली करायची आणि विक्री दुसऱ्याच नियमाखाली, ही पद्धत अन्यायाची आहे. तिने उद्योगाचेही फारसे भले होत नाही.

शुल्कमाफीच्या बाजूने जे सांगितले जाते, त्यातले बरेच खरे आहे आणि ते आधी मान्य केले पाहिजे. २०१३-१४ मध्ये देशात सुमारे ३९८ लाख गाठी (एक गाठ १७० किलोची) कापूस झाला होता. २०२४-२५ मध्ये हा आकडा ३०० लाखांच्याही खाली आला. गुलाबी बोंडअळीने बीटी वाणांचे कवच फोडले, २००६ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या बीटीनंतर नवे तंत्रज्ञान शेतात अधिकृतपणे आले नाही, आणि आपली हेक्टरी रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, उत्पादकता जागतिक सरासरीच्या निम्म्याच्या आसपास रेंगाळत आहे. भारतीय रुई अनेकदा आंतरराष्ट्रीय भावापेक्षा महाग पडते, हेही खोटे नाही. वस्त्रोद्योगात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची संख्या सरकारी दस्तऐवजांत साडेचार कोटींच्या घरात सांगितली जाते. शेतीखालोखाल सर्वाधिक हातांना काम देणाऱ्या क्षेत्रांत त्याची गणना होते. तिरुप्पूरच्या शिलाई कारखान्यात यंत्रावर बसलेली मुलगी ही बहुधा कोरडवाहू शेतकऱ्याचीच मुलगी असते, हे शेतकऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी विसरता कामा नये. बांगलादेशात कापूस जवळपास पिकत नाही, तरीही तो देश तयार कपड्यांच्या निर्यातीत जगातील पहिल्या काही देशांत आहे, आणि त्याचे एक मोठे कारण असे, की तिथल्या निर्यातदाराला कच्चा माल शुल्काविना मिळतो. हा युक्तिवाद घोषणा देऊन खोडता येणार नाही.

पण तो नीट तपासला, तर या विशिष्ट निर्णयाचे समर्थन त्यातून निघत नाही. पहिली गोष्ट म्हणजे, आपल्याकडे कमी पिकणाऱ्या अतिलांब धाग्याच्या, म्हणजे ३२ मिलिमीटरहून लांब धाग्याच्या कापसावरील शुल्क फेब्रुवारी २०२४ मध्येच काढण्यात आले होते. उच्च प्रतीच्या कापडासाठी जो कापूस आपल्याला खरोखर बाहेरून आणावा लागतो, त्याचा प्रश्न तेव्हाच सुटला होता. ऑगस्ट २०२५ च्या निर्णयाने दार उघडले ते वर्धा, यवतमाळ, अमरावती आणि नागपूर जिल्ह्यांत पिकणाऱ्या कापसाशी थेट स्पर्धा करणाऱ्या मालासाठी. दुसरी गोष्ट, बांगलादेशातील सवलत निर्यातीच्या अटीला बांधलेली असते: शुल्कमुक्त आणलेला माल कपडा होऊन बाहेर गेला पाहिजे. आपल्याकडेही अॅडव्हान्स ऑथरायझेशन ही योजना अशाच अटीवर निर्यातदाराला शुल्कमुक्त कच्चा माल आणू देते. मग अमेरिकी कराचा फटका बसलेल्या निर्यातदारासाठी सरसकट माफी कशाला हवी होती? यावर असे उत्तर दिले जाते, की ही योजना मोठ्यांनाच झेपते. बाजारातून सूत विकत घेणाऱ्या लहान निर्यातदाराला तिची कागदपत्रे आणि हमीपत्रे पेलत नाहीत. हे उत्तर मला पटते. परंतु त्यावरचा उपाय म्हणजे ती योजना लहान कारखानदाराला वापरता येईल इतकी सोपी करणे. ते काम अवघड होते, अधिसूचना काढणे सोपे होते, आणि सोप्या कामाची किंमत वेचणीच्या तोंडावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याकडून वसूल झाली.

तिसरी गोष्ट साध्या हिशेबाची आहे. ११ टक्के शुल्क गेल्याने आयात रुई सुमारे १० टक्क्यांनी स्वस्त होते. तयार कपड्याच्या निर्यात किमतीत रुईचा वाटा उदारपणे एक चतुर्थांश धरला, तरी कपडा अडीच टक्क्यांनी स्वस्त होईल. समोर ५० टक्क्यांची भिंत असताना अडीच टक्क्यांनी कोणती ऑर्डर वाचते? ज्या निर्यातदाराला अशी ऑर्डर टिकवायची होती त्याला व्याजात सवलत, निर्यातीवरील करांचा वेळेवर परतावा आणि दुसऱ्या बाजारपेठेत शिरण्यासाठी मदत हवी होती. ही सगळी मदत सरकारी तिजोरीतून जाते, म्हणजे तिचा भार सगळ्या देशावर थोडा थोडा पडतो. शुल्कमाफीचा भार मात्र एका पिकावर आणि त्यातही त्या पिकाच्या सर्वांत दुबळ्या विक्रेत्यावर पडतो.

आता वेळेचा मुद्दा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कापसावरील शुल्क याआधीही माफ झाले होते. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात ते बसवण्यात आले आणि १४ एप्रिल २०२२ पासून काढण्यात आले. ती माफी पुढे ३१ ऑक्टोबरपर्यंत चालली. त्या वेळी रुईचा भाव खंडीला (३५६ किलोला) एक लाख रुपयांच्या दिशेने धावत होता, सूतगिरण्या चात्या थांबवू लागल्या होत्या, आणि मुख्य म्हणजे एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक शेतकऱ्यांचा कापूस विकला गेला होता. त्या माफीने साठेबाजाचा नफा कमी झाला असेल, पण वेचणीच्या दिवसांतला भाव तिने पाडला नाही, आणि नवा माल बाजारात भरात येण्याच्या सुमारास ती संपली. २०२५ ची माफी याच्या नेमकी उलटी ठरली: हंगाम सुरू होण्याआधी ती लागू झाली आणि पहिली, दुसरी वेचणी बाजारात येईपर्यंत, म्हणजे दसऱ्यापासून वर्षाखेरीपर्यंत, ती कायम राहिली. शुल्क तेच, माफीही तीच. एका वेळी ती सुसह्य होती आणि दुसऱ्या वेळी घातक ठरली. जे लोक शुल्क चांगले की वाईट एवढाच वाद घालतात, त्यांच्या वादात या फरकाला जागाच नसते.

यावर सरकारी बाजूचे सर्वांत भक्कम उत्तर हमीभावाचे आहे. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला, आदल्या वर्षी तो ७,५२१ होता. बाजार पडला तर भारतीय कापूस महामंडळ म्हणजे सीसीआय खरेदी करते, आणि २०२४-२५ मध्ये तिने सुमारे १०० लाख गाठींचा कापूस घेतला. मग आयातीने शेतकऱ्याचे काय बिघडते? हे उत्तर ज्यांनी खेड्यातली विक्री पाहिली आहे त्यांना पुरे पडत नाही. सीसीआयला कापूस द्यायचा तर आधी नोंदणी हवी, सातबाऱ्यावर पेरा नोंदलेला हवा, ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा आणि ८ टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात होते. दिवाळीच्या आसपास परतीचा पाऊस झेलून घरात आलेल्या कापसात इतका कमी ओलावा क्वचितच असतो. ज्याला मजुराचे वेचणीचे पैसे रोख द्यायचे आहेत, कृषी केंद्राची उधारी फेडायची आहे आणि रब्बीचा हरभरा पेरायचा आहे, तो केंद्रावरच्या तारखेची वाट पाहत बसत नाही. तो दारात काटा घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला खेडा खरेदीत माल देऊन मोकळा होतो. त्या काट्यावरचा भाव हमीभावाने ठरत नाही. तो जिनिंगवाल्याला, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखानदाराला, रुईचे किती मिळतील यावर, आणि रुईचा भाव बंदरात उतरणाऱ्या आयात गाठीवर ठरतो. हमीभाव ही थांबू शकणाऱ्याची हमी आहे, आणि विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्यांपैकी थांबू शकणारे थोडे आहेत.

या पद्धतीने केवळ शेतकरी भरडला जातो असेही नाही. हिंगणघाट, वणी, काटोल या पट्ट्यातला जिनिंग-प्रेसिंगचा व्यवसाय मोसमी आहे. ऑक्टोबरमध्ये कापूस घेऊन रुई जानेवारी-फेब्रुवारीत विकणारा कारखानदार शुल्क कधी परत लागेल आणि कधी पुन्हा जाईल या अंदाजावर जगतो. असा अंदाज बांधावा लागतो तिथे नवी यंत्रे बसवण्यासाठी कोणी कर्ज घेत नाही. इतर पिकांतही हेच दिसते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले आणि डिसेंबरमध्ये, खरिपाचा कांदा बाजारात असताना, निर्यातबंदी आली. त्याच डिसेंबरात पिवळ्या वाटाण्याची आयात शुल्कमुक्त झाली आणि तिची मुदत पुन्हापुन्हा वाढवली गेली. तूर आणि हरभरा पिकवणाऱ्या विदर्भाला तिचा ताप झाला. प्रत्येक निर्णयाचे त्या त्या दिवशी काही कारण होते. मात्र ते सर्व एकत्र ठेवले तर दिसते असे, की महागाईचा, युद्धाचा वा परदेशी कराचा कोणताही धक्का आला, तरी तो शेवटी एकाच ठिकाणी उतरवला जातो.

नागपूरला हा अनुभव नवा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापडगिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. युद्ध संपताच तो कोसळला. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचलेल्या रेल्वेने कापूस मुंबईकडे नेला आणि येताना विलायती कापड आणले. इथल्या कोष्ट्यांच्या हातमागांना त्याचा जाच झाला. दहा वर्षांनी, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेटजी टाटांनी जुम्मा तलावाजवळ एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस जिथे पिकतो तिथेच कापड विणायचे, हा त्यामागचा विचार होता, आणि तो यशस्वी झाला. कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी आणि अपघात भरपाई या गोष्टी या गिरणीत कायद्याची सक्ती होण्याच्या कितीतरी आधी आल्या. परंतु १८९६ मध्ये लँकेशायरच्या आग्रहाखातर ब्रिटिश सरकारने एक नियम केला: विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात शुल्क असेल, तर हिंदी गिरणीच्या कापडावरही तेवढाच अबकारी कर बसेल. समान वागणूक आणि खुला व्यापार ही त्याची जाहीर कारणे होती. तीस वर्षे, १९२६ पर्यंत, तो कर टिकला. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात आधीच बजावले होते, की अर्थशास्त्राचे नियम देश, काळ आणि परिस्थिती पाहून लावायचे असतात. बलाढ्य आणि दुबळा यांना एकच माप लावले की ते माप बलाढ्याचेच होते. आजचे सरकार परकीय नाही आणि आजचा निर्णय लँकेशायरसाठी झालेला नाही. तेवढी तुलना ताणणे अन्यायाचे ठरेल. पण पिकवणाऱ्याला विचारात न घेता व्यापाराचे नियम ठरतात तेव्हा भरपाई कोण करते, हे त्या इतिहासातून दिसते.

तर मग संरक्षण हाच उपाय आहे का? इथे मला शेतकऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्या मित्रांशीही मतभेद नोंदवला पाहिजे, कारण तो प्रयोग आपण करून पाहिला आहे. १९७२ मध्ये महाराष्ट्राने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. राज्यातला सगळा कापूस सरकार घेणार, खासगी व्यापाऱ्याला बंदी. काही वर्षे तिने शेतकऱ्याला आधार दिला, हे मान्यच केले पाहिजे. पुढे बाहेर भाव जास्त असला की कापूस चोरवाटांनी शेजारच्या राज्यांत जाऊ लागला, कमी असला की सगळा बोजा योजनेवर येऊ लागला; चुकारे रखडले, तोटा वाढत गेला, आणि शेवटी योजना मोडली. तीन दशके भावाला कुंपण घालूनही विदर्भात कापसापासून कापडापर्यंतची साखळी उभी राहिली नाही. कापूस इथे, यंत्रमाग इचलकरंजी, भिवंडी आणि मालेगावला. सहकारी सूतगिरण्या मंजूर झाल्या, त्यातल्या अनेक रडतखडत चालल्या किंवा बंद पडल्या. याच काळात एम्प्रेस मिल आधी सरकारी महामंडळाकडे गेली, मग कायमची बंद झाली, आणि आज त्या जमिनीवर इमारती आणि मॉल उभे आहेत. तयार कपड्यांचे उत्पादन आपण २००० सालापर्यंत लघुउद्योगांसाठी राखीव ठेवले. हेतू रोजगार वाचवण्याचा होता, पण कारखाने लहान राहिले, आणि जागतिक कोटा पद्धत २००५ च्या आरंभी संपली तेव्हा मोठ्या ऑर्डर घ्यायला बांगलादेश तयार होता, आपण नव्हतो. आयात कायमची बंद करा म्हणणाऱ्यांनी या इतिहासाचे उत्तर दिले पाहिजे. गिरणी मेली तर कापूस कोणाला विकणार?

म्हणून मला हवे आहे ते ना कायमचे कुंपण, ना मोकळे मैदान. खरिपाचे हमीभाव केंद्रीय मंत्रिमंडळ मे अखेरीस किंवा जूनमध्ये जाहीर करते. त्याच बैठकीत कापूस, सोयाबीन, तूर या पिकांवरील आयात-निर्यात शुल्कही जाहीर व्हावे आणि ते मार्चअखेरपर्यंत बदलू नये. एखाद्या वर्षी कापूस खरोखरच कमी पडणार असेल, तर मुदतीची नव्हे, प्रमाणाची सवलत द्यावी. याचे उदाहरण आपल्याच करारात आहे: ऑस्ट्रेलियाशी झालेल्या व्यापार करारानुसार डिसेंबर २०२२ पासून वर्षाला ५१ हजार टन, म्हणजे सुमारे तीन लाख गाठी, कापूस शुल्काविना येऊ शकतो. किती माल येणार हे शेतकऱ्याला, जिनिंगवाल्याला आणि सूतगिरणीला आधीच ठाऊक असते. त्या कराराने विदर्भात आकाश कोसळले नाही.

यावर लवचीकतेचा आक्षेप येईल. जगाचा व्यापार इतका बेभरवशाचा झाला असताना सरकारने स्वतःचे हात नऊ-दहा महिने बांधून घ्यावेत का? वॉशिंग्टनमध्ये एका आदेशाने कर दुप्पट होतो आणि आपण मार्चची वाट पाहायची? आक्षेप गंभीर आहे, कारण तत्पर सरकार ही चांगलीच गोष्ट आहे. पण लवचीकता कोणीतरी विकत घेत असते. सूतगिरणी तीन महिन्यांचा साठा ठेवू शकते, वायदे करू शकते, सुताचा दर बदलू शकते. निर्यातदार संघटना दिल्लीत निवेदन देऊ शकते. शेतकऱ्याने जूनमध्ये लावलेले पीक ऑगस्टमध्ये बदलता येत नाही. म्हणून आणीबाणीत झटपट वापरायचे साधन शुल्क नसावे, तिजोरी असावी. तसे करण्याची उदाहरणे नागपूरलाच आहेत. बांगलादेशाने आपल्या संत्र्यांवरील आयात शुल्क काही वर्षांत अनेक पटींनी वाढवले, तेव्हा २०२३ मध्ये राज्य सरकारने त्या शुल्काचा निम्मा भार अनुदानातून उचलण्याचे जाहीर केले. ते अनुदान बागायतदाराच्या हाती किती पडले यावर वाद होऊ शकतो, आणि व्हायलाच हवा; तरी दुसऱ्या देशाच्या धोरणाचा फटका एकट्या उत्पादकाने सोसू नये, हे तत्त्व सरकारने मान्य केले. संत्र्याला लागू पडलेले तत्त्व कापसाला का लागू पडू नये?

व्यापारातून नागपूरला काम मिळाले आहे, हेही मी नाकारत नाही. नागपूर विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पातला विमान देखभाल-दुरुस्तीचा तळ एअर इंडियाने बोइंगची विमाने मागवताना झालेल्या बोलणीतून आला. देशाने मोठी खरेदी करताना बदल्यात इथे गुंतवणूक मागितली आणि ती मिळाली. कापसाच्या बाबतीत अशी अट आपण कधी घालत नाही. शुल्कमाफीचा लाभ घेणाऱ्या सूतगिरणीने ठरावीक वाटा देशी कापसाचा हमीभावाने घ्यावा, किंवा विदर्भातील जिनिंगशी दीर्घ मुदतीचा करार करावा, एवढी अटही २०२५ च्या माफीला जोडलेली नव्हती. केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून नागपुरातच आहे, कापूस उत्पादकतेच्या पाच वर्षांच्या मोहिमेची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली आहे, अमरावतीला नांदगावपेठेत पीएम मित्र वस्त्रोद्यान मंजूर आहे. उत्पादकता वाढली आणि कापड इथेच विणले गेले, तर शुल्काची गरज हळूहळू कमीच होईल, आणि ती व्हावी असेच मला वाटते. पण ती फळे यायला पाच-दहा वर्षे लागतील, आणि तोवर दरवर्षी एक जून आणि एक ऑक्टोबर येणार आहे.

विदर्भातील आमदार आणि खासदारांना माझे सांगणे इतकेच, की कापसाचा प्रश्न डिसेंबरच्या अधिवेशनासाठी राखून ठेवू नका. तोवर निम्मा कापूस विकला गेलेला असतो आणि सरकारने दिलेले कोणतेही आश्वासन पुढच्या हंगामाचे असते. शुल्क पेरणीआधी जाहीर करून हंगामभर स्थिर ठेवण्याची मागणी एप्रिलमध्ये दिल्लीत लावून धरा, कारण मे महिन्याच्या अखेरीपासून कृषी केंद्रांतून बियाण्याची पाकिटे उधारीवर घरोघरी जाऊ लागतात, मृगाच्या पहिल्या पावसावर ती जमिनीत पडतात, आणि त्यानंतर कापूस लावायचा की दुसरे काही, हा निर्णय शेतकऱ्याला त्या वर्षी पुन्हा करता येत नाही.